जमिनीला सांगणारा इंडिकेटर



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 15. वाणीचं तप.

मागच्या श्लोकात शरीराचं तप झालं, उद्या मनाचं येईल, आज बोलण्याचं आहे. भगवंत इथे बोलण्याला चक्क तपाचा दर्जा देतात आणि त्याला अटीही घालतात. ऐकणाऱ्याचं मन ढवळून निघू नये, बोललेलं खरं असावं, कानाला गोड लागावं, त्याच्या भल्याचं असावं; शिवाय स्वाध्याय चालू ठेवावा. हा श्लोक मी याआधी कितीतरी वेळा वाचलाय. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणाऱ्यांसाठी आहे. मी काही फारसा भांडत नाही, म्हणजे आपलं वाणीचं तप साधारण पास.

या वेळी तो श्लोक मला म्हसावदला, एका रस्त्याच्या कडेला, मुरुमात उभं राहून वाचावा लागला. तोंडातून एक शब्दही न काढता मी चुकीचं बोललो होतो.

म्हसावद माझं आजोळ. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. उत्तरेकडे मान वर केली की सातपुडा दिसतो. मार्गशीर्षात तिकडे जायला मला आवडतं. थंडी असते, वांग्याचं भरीत असतं, दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते आणि रस्त्यावर सगळीकडे उसाचे ट्रॅक्टर असतात. नाना, म्हणजे आईचे वडील, जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची 2003 सालची शंभर सीसीची मोटरसायकल मामाने विकली नाही. मी गेलो की तीच माझी गाडी. सीटचं कव्हर फाटलेलं, टाकीवर नानांनी लावलेलं पांडुरंगाचं स्टिकर अर्धं उडालेलं, पण एका किकमध्ये सुरू होते.

या गाडीचा मागचा उजवा इंडिकेटर ढिला होता. होता म्हणजे वर्षानुवर्षं होता. नानांनीच कधीतरी तो तांब्याच्या तारेने बांधून वरून काळी टेप गुंडाळली होती. मागच्या वर्षी मी गेलो तेव्हाच टेप सुटलेली, तार सैल पडलेली आणि इंडिकेटर मान टाकलेल्या कोंबडीसारखा लोंबत होता. मी मामाला म्हटलं, "बदलून टाकू का?" मामा म्हणाला, "राहू दे रे, नानांच्या हातची गाठ आहे ती." मलाही ते पटलं. पटलं कशाला, मला ते फारच भावलं. मी त्या तारेचा फोटो काढून स्टोरीला टाकला होता, खाली काहीतरी हळवं लिहून. तुमच्यापैकी काहींनी हृदयंसुद्धा पाठवली होती.

आता या वर्षीची गोष्ट. सकाळी मी म्हसावदहून शहाद्याकडे निघालो होतो. गावाबाहेर थोडं पुढे मामाच्या शेताकडे जाणारा रस्ता उजवीकडे फुटतो. मी वेग कमी केला, बटण उजवीकडे दाबलं, हॅन्डलवरचा छोटा दिवा टिकटिक करू लागला. आरशात एक मोटरसायकल दिसली, पण लांब वाटली. मी वळायला लागलो आणि उजव्या कानाशी ब्रेकचा आवाज आला. ती गाडी मला ओव्हरटेक करत होती. चालवणाऱ्याने हॅन्डल तोडलं, गाडी साइडपट्टीवर उतरली, मुरुमात घसरली आणि आडवी झाली. मागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. तिचा डबा घरंगळत कापसाच्या शेतात गेला.

मी पोचायच्या आत ते दोघं उठूनही बसले होते. मुलीचं कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. पांडुरंगाची कृपा म्हणा. मी म्हणतोच. पण माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं माहितीये? "लागलं का" हे नाही. मी म्हणालो, "मी इंडिकेटर दिला होता!"

तो माणूस, वय चाळिशीचं असेल, काही बोलला नाही. त्याने मुलीची पाठ झटकली, कोपर पाहिलं. मग उठून माझ्या गाडीच्या मागे गेला. बटण अजून चालूच होतं. तो लोंबणारा इंडिकेटर डांबराकडे तोंड करून लुकलुकत होता. त्याने दोन क्षण पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, हा जमिनीला सांगतोय."

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं.

दोघांना मी मामाकडे नेलं. मामीने कोपर धुऊन हळद लावली, चहा झाला, मुलीला दुसरा डबा भरून दिला. तो माणूस शेजारच्याच वस्तीवरचा निघाला, मामाच्या ओळखीचा. विषय तिथे संपला. पण माझ्यासाठी संपला नाही, कारण त्या दिवशी रात्री गीता उघडली तर पान नेमकं सतराव्या अध्यायाचं होतं.

मी खोटं बोललो होतो का?

हा प्रश्न मला खरंच पडला आणि मी त्याच्याशी बराच वेळ झटलो. माझ्या बाजूने जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून पाहिलं. हेतू स्वच्छ होता. बटण दाबलं होतं. दिवा लागला होता. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 121 व्या कलमात चालकाने ठरलेले इशारे द्यावेत असं आहे, आणि वळण्याचा इशारा हाताऐवजी यंत्राने दिला तरी चालतो अशी सूटही तिथेच आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी "बोललो" होतो. शिवाय फाट्याजवळ ओव्हरटेक करणं ही त्याची चूक नव्हती का? होतीच. मी वेग कमी केला, त्याला वाटलं साइड देतोय. हायवेवर तर काही ट्रकवाले उजवा इंडिकेटर दाखवून "ये पुढे" म्हणतात. म्हणजे एकच खूण, दोन उलटे अर्थ. हे सगळं मान्य. पण त्याची चूक त्याच्या खात्यावर. माझं खातं मी तपासत होतो, आणि तिथे त्याची चूक जमा करता येईना.

मग मी आपला नेहमीचा हुकमी एक्का काढला. आपण सगळे काढतो तो. कर्म आपल्या हातात, फळ नाही. मी इशारा दिला, तो पोचला की नाही हे फळ झालं, ते माझ्या अधिकारात नाही.

वाक्य मनात पूर्ण झालं आणि माझी मलाच लाज वाटली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एवढा मोठा विचार मी एका वीस रुपयांच्या रबराची सबब म्हणून वापरत होतो. त्याच अध्यायात, तिथून अवघ्या काही श्लोकांवर, भगवंत कर्मातल्या कुशलतेलाच योग म्हणतात, तेवढं मात्र मला सोयीस्करपणे आठवलं नाही.

पण प्रश्न खोटा नव्हता. माझं कर्म नक्की कुठे संपतं? बटणापाशी? बल्बपाशी? की मागच्या माणसाच्या डोळ्यापाशी? डोळ्यापाशी म्हणावं तर अन्याय आहे. तो मोबाइल बघत असेल, ऊन डोळ्यांवर असेल, त्याला माझा इशारा कळलाच पाहिजे याची हमी मी कशी देणार? बटणापाशी म्हणावं तर फारच स्वस्त आहे. मग शहाद्याच्या स्टँडवर गर्दीत पाठ फिरवून कुजबुजलेली माफीसुद्धा माफीच ठरेल. माझं मत असं झालंय, तुम्हाला वेगळं वाटलं तर जरूर सांगा, की कर्म बल्बच्या काचेपर्यंत आहे. दिवा लागतोय, योग्य दिशेला तोंड करून लागतोय, काच पुसलेली आहे आणि मी वळायच्या पुरेसं आधी लागलाय, इथपर्यंत सगळं माझं. काचेपासून डोळ्यापर्यंतचा प्रकाशाचा प्रवास त्याचा आणि ईश्वराचा. फळ तिथून सुरू होतं. मी ते अलीकडे, अगदी अंगठ्यापाशी ओढून आणलं होतं.

आणि मला ठाऊक होतं. हे महत्त्वाचं. इंडिकेटर लोंबतोय हे मला एका वर्षापासून ठाऊक होतं. त्याचा फोटो काढला होता की!

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गावातल्या मेकॅनिककडे गेलो. आजोळी सगळेच मामा, तसे हेही मामाच. त्यांनी अहिराणीत विचारलं, "काय हुयनं?" मी इंडिकेटर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो हलवला आणि म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, "बरेच दिवस." त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

काम एवढंसं, पण मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. इंडिकेटरचा दांडा सरळ पत्र्यावर ठोकलेला नसतो, मध्ये रबर असतं. ते मुद्दाम असतं. गाडी पडली तर दांडा मोडण्याऐवजी वाकावा, आणि इंजिनाचा थरकाप बल्बच्या आतल्या बारीक तारेपर्यंत जाऊ नये म्हणून. पण रबर ऊन-पावसात कडक होतं, त्याला भेगा पडतात, मग आतला नट कितीही आवळा, पकड येत नाही. नानांच्या गाडीत रबराचा अर्धा भाग नव्हताच. दांडा त्या तारेवर आणि मायेवर टिकून होता. सतत हलून एक वायर आतून तुटायला आली होती. "कधी लागायचा, कधी नाही, हो ना?" मामा म्हणाले. मला तेही माहीत नव्हतं. हॅन्डलवरचा दिवा टिकटिकला की मी समजायचो सगळं ठीक आहे. त्यांनी सांगितलं, एखादा बल्ब पेटेनासा झाला की टिकटिकीची लय बदलते, काही गाड्यांत ती भरभर होते, काहींत थबकते. नियमाने इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. "कान द्यायचा भाचा, गाडी सांगते."

जुनी टेप काढताना त्यांचा हात थांबला. "ही नानांनी बांधलेली." त्यांना कसं कळलं? म्हणे, तारेला असा पीळ गावात तेच द्यायचे, कुंपणाला देतात तसा. मग मी त्यांना तेच सांगितलं जे मामाने मला सांगितलं होतं, की नानांची आठवण म्हणून आम्ही ती ठेवली.

ते हसले. म्हणाले, "अरे, नाना इंडिकेटर लावायचेच नाहीत. त्यांना माहीत होतं हा नीट दिसत नाही. नाना हात दाखवायचे. उजवा हात असा लांब, वळायच्या कितीतरी आधी. लांबून कळायचं, नाना वळताहेत."

मंडळी, मी तिथे स्टुलावर बसलो होतो आणि मला काही सुचेना. मला ते दिसलं, खरंच दिसलं. पांढरा सदरा, बाही वाऱ्यावर फडफडतेय, हात सरळ. लहानपणी मी टाकीवर बसायचो तेव्हा तो हात माझ्या डोक्यावरून जायचा. मी ते साफ विसरलो होतो.

आम्ही नानांची तार जपली आणि नानांचा हात सोडून दिला.

हे मी मोटरसायकलपुरतं म्हणत नाहीये, तुमच्या लक्षात आलंच असेल. वडीलधाऱ्यांकडून आपल्याकडे जे येतं त्यातलं किती असंच येतं? त्यांचा जुगाड आपण देव्हाऱ्यात ठेवतो. तो जुगाड सांभाळून घेण्यासाठी ते रोज जी काळजी घ्यायचे ती त्यांच्याबरोबर जाते. आजीचं सोवळं उरतं, दारात आलेल्याला उपाशी न पाठवण्याचा तिचा हट्ट उरत नाही. आणि मग त्या तारेपायी कुणाचं तरी कोपर फुटतं. नानांवर माझं प्रेम होतं, आहे. पण त्या प्रेमाचं बिल त्या मुलीने भरलं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

रात्री पुन्हा सतरावा अध्याय. या वेळी एक श्लोक मागे गेलो, चौदाव्याला. शरीराच्या तपात एक शब्द आहे, आर्जव. ऋजुता, सरळपणा. मला नेहमी वाटायचं, सरळपणा हा बोलण्याचा गुण, तो शरीराच्या यादीत कशाला? सत्य पंधराव्यात, वाणीकडे. आणि आर्जव चौदाव्यात, देहाकडे, अहिंसेच्या शेजारी. आता वाटतं, त्या वाटणीत काहीतरी आहे. खरं बोलणं जिभेचं काम, पण ते खरं समोरच्याच्या दिशेने सरळ उभं राहणं हे अंगाचं काम आहे. वाकडा झालेला इंडिकेटर खोटं बोलत नव्हता. तो खरंच बोलत होता, फक्त सरळ नव्हता. हे माझं स्वतःचं वाचन, कुठल्या भाष्यात असं लिहिलंय म्हणून सांगत नाही.

ज्ञानेश्वर माऊली मात्र तेराव्या अध्यायात अहिंसेवर आल्या की केवढ्या थांबतात! तिथे कितीतरी ओव्या निव्वळ चालण्यावर आहेत: ज्ञानी माणूस पाऊल कसं टाकतो, पायाखाली कुणी येऊ नये म्हणून किती जपतो. मग बोलणं, मग नजर, मग हात. पूर्वी तो भाग मी भराभर उरकायचो. अहिंसा म्हणजे मारू नये, कळलं, पुढे चला. आता कळतंय की माऊलींना अहिंसा मनातल्या भावनेपेक्षा कितीतरी बारीक ठिकाणी, तळपायात, हवी होती. त्यांच्या काळी माणूस तळपायांवर चालायचा. आपण टायरवर चालतो.

आणि एक योगायोग, खानदेशी म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. विनोबांची गीता प्रवचनं 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, दर रविवारी एक अध्याय, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. आजचा नंदुरबार जिल्हा 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी, भिंतींच्या आत, हा सतरावा अध्याय कैद्यांना सांगितला गेला. त्या प्रवचनाला विनोबांनी साधकाचा कार्यक्रम म्हटलंय. कार्यक्रम! रोज उठून करायची गोष्ट. नट आवळण्यासारखी. मेकॅनिकमामांनीही तेच सांगितलं होतं, फार आवळू नकोस, रबर फाटतं. कमी आवळलास तर आठवड्यात पुन्हा ढिला. आणि दोन-चार महिन्यांनी हात लावून बघत जा.

नानांची तार मी टाकून दिली नाही. ती खिशात आहे. गाडीवर नाही.

परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या वस्तीवर गेलो. मुलीला नवीन डबा न्यायचा होता, जुना चेपला होता. तिचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी आधी चुकीचं वाक्य बोललो." ते म्हणाले, "मीपण घाईत होतो रे. शाळेची वेळ." मग आम्ही दोघंही जरा वेळ उसाच्या गाड्यांबद्दल बोललो.

निघताना मला आठवलं, मागचे दिवे मला बसल्याजागी दिसत नाहीत. कुणालाच आपले दिसत नाहीत. दुकानात हे बघायला मेकॅनिकमामांचा पोरगा मागे उभा होता, इथे कोण? मी मुलीला म्हटलं, "जरा मागे उभी राहून सांगतेस का?" कोपराची खपली सांभाळत ती गाडीमागे जाऊन उभी राहिली, बऱ्यापैकी लांब, हाताची घडी घालून, परीक्षकासारखी. मी उजवं बटण दाबलं.

"लागला," ती म्हणाली. "सरळ दिसतोय. आता डावा लाव."

(उद्या : अध्याय 17, श्लोक 16. मनाचं तप. राम कृष्ण हरी.)